निरंक

सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याला बांधलेल्या, मधे एक आडवी पट्टी आणि शेंड्यावरून सुतळीला लोंबणारा दगड. डोंगरउतारावर समपातळीची रेघ आखायला आम्हाला एवढंच लागतं. ‘ए फ्रेम’ म्हणतात याला. एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा पुढं टेकवून वर-खाली सरकवायचा. सुतळी पट्टीवरच्या खुणेवर येऊन थांबली, की पुढच्या पायाशी फक्कीची चिमूट टाकायची आणि मागचा पाय फिरवून पुढं न्यायचा. पारनेरच्या पठारावर मे महिन्यात दुपारी वारा सुटतो. दगड हेलकावे खात राहतो, आणि तो थांबेपर्यंत आपण थांबायचं. 27 वर्षं मी हे करतो आहे.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं विचारलं, “काका, एवढी वर्षं उमेद कशी टिकली तुमची?” तो नगरला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण एसटीत बसताना आम्ही अजून नगरचंच तिकीट मागतो.) त्याचा दुसरा प्रयत्न थोडक्यात हुकला होता. मोबाइलवर प्रेरणेची भाषणं ऐकून झाली होती. ऐकताना अंगात वीज यायची, म्हणाला, आणि सकाळी उठवत नव्हतं. त्या दिवशी मला त्याला नीट सांगता आलं नाही. पुढं बरेच दिवस तो प्रश्न माझ्याबरोबर डोंगर चढत राहिला.

या कामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. पन्नासेक माणसांनी श्रमदान करून सलग समतल चर खणले होते. चर समतल असला तर पाणी त्यात उभं राहतं आणि मुरतं. थोडा जरी कल राहिला तर ते एका टोकाकडं धावतं, तिथं चर फुटतो आणि खालचे चरही घेऊन जातो. जूनच्या एका पावसात नेमकं तसंच झालं. माझ्या फ्रेमचा एक पाय मुरमावर घासून झिजला होता आणि मी जुन्याच खुणेवर विसंबून रेघ आखत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गावासमोर उभं राहणं फार जड गेलं. काम सोडायचं मनात पक्कं झालं होतं. गर्दीत एक म्हातारी होती. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. तिनं मला धीर दिला नाही, रागावलीही नाही. “खूण बघितली व्हती का रं?” एवढंच विचारलं.

खूण बघायची रीत सोपी आहे. दोन ठिकाणी पाय टेकवून सुतळी पट्टीवर कुठं येते ते नोंदवायचं, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा नोंदवायचं. दोन्हींच्या बरोबर मधे खरी खूण. पाच मिनिटांचं काम. त्या दिवसापासून रोज सकाळी रेघ सुरू करण्याआधी मी ते करतो. माझी जिद्द कमी पडली का, माझ्यात काही खोट आहे का, हे प्रश्न मला रात्रभर खात होते. म्हातारीच्या प्रश्नानं ते सगळे बाजूला सरकले आणि हाताला करण्यासारखं काहीतरी उरलं.

पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडं करायचं असतं, आणि नेमकी तिथंच माणसांची उमेद ढळते. सगळ्यांना बंधारा हवा असतो, तोही गावाजवळ, ओढ्यावर. कारण तिथं पाणी दिसतं. पण वर चर नसतील, गवत नसेल, तर डोंगराची माती दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरून टाकते. म्हणून आधी जिथं कोणाची शेती नाही, सावली नाही, प्यायचं पाणीही डोक्यावरून न्यावं लागतं, तिथं खणायचं. पहिल्या वर्षी काय दिसतं? गवत. तेही चराई थांबवली तर. विहिरीला पाझर नंतर येतो. ज्याची नजर विहिरीवर खिळली आहे तो पहिल्या वर्षीच थकतो. ज्याला गवत मोजता येतं तो टिकतो. हिवरे बाजार या गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली ती याच समजुतीनं. तिथं गवत आलं, त्यामागं दूध आलं, आणि पाण्याची वाट बघायला गावाला बळ आलं.

पावसाळ्यात माझं दुसरं काम असतं. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक बघायचं. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर ते बसवलेलं. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसेल तर ‘निरंक’. आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये वहीचं पानच्या पान निरंक जातं. सुरुवातीला मला वाटायचं, कोरडं आभाळ तर दिसतंच आहे, मापक कशाला उघडायचं? एका वर्षी कंटाळून आठवडाभर गेलोच नाही. नंतर कळलं, त्यातल्या एका पहाटे भुरभुर झाली होती, ती मोजायची राहिली. रिकाम्या राहिलेल्या त्या सात ओळी मला आजही टोचतात. न लिहिलेला दिवस आणि निरंक दिवस यांत फार मोठं अंतर आहे. निरंक म्हणजे मी तिथं गेलो, झाकण उघडलं, बघितलं.

या आकड्यांचं पुढं काय होतं ते हिवरे बाजारात बघावं. 1989 साली पोपटराव पवार तिथं सरपंच झाले. पाणी अडवण्याची कामं पुष्कळ गावांनी केली; या गावाचं मोठेपण मला वाटतं ते पाण्याच्या ताळेबंदात. पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडला जातो: किती पडलं, किती वाहून गेलं, किती मुरलं. हजार हेक्टरांच्या शिवारावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. ऐकायला प्रचंड, पण त्यातलं हाताशी राहणारं थोडं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. उसाला, केळीला बंदी. शेतीसाठी कूपनलिका नाही. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं त्या साली सोडायची.

पीक सोडताना तिथं कोणी हरल्यासारखं वागत नाही, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडं ध्येय एकदा मोठ्यानं बोलून दाखवलं की ते कमी करणं नामुष्कीचं होऊन बसतं. मग ओल नसलेल्या रानात गहू पेरल्यासारखी माणसं वर्षं घालवतात, आणि पीक करपलं की स्वतःलाच बोल लावतात. मी तरुण पोरांमध्ये हे बघतो तेव्हा जीव कळवळतो. आधी ओल बघावी, मग पेरणी ठरवावी. कमी पावसाच्या साली ज्वारी, हरभऱ्यावर भागवणारा शेतकरी पुढच्या साली शेतात असतो.

यंदा मे महिन्यात पुतण्या गावी राहायला आला. माझ्याबरोबर दोन दिवस डोंगरावर आला, फक्की टाकली, खूण बघायला शिकला. जूनमध्ये मला दुसऱ्या गावी मुक्कामाला जायचं होतं, म्हणून वही त्याच्याकडं दिली. तो अभ्यासाला पहाटे उठायचा आणि साडेआठला मापक बघून यायचा. रोज संध्याकाळी मी फोन करायचो. अकरा दिवस त्यानं एकच शब्द सांगितला, निरंक.

बाराव्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. “काका, 1.8 आहे.”

पावसाचा दिवस धरायला 2.5 मिलिमीटर लागतात. हे त्याला मीच सांगितलं होतं.

“पावसाच्या दिवसात धरायचा नाही ना?” तो म्हणाला. “पण लिहितो.”

“लिही,” मी म्हटलं.