पडद्यामागच्या बाजूनं

गणपतीत आमच्या तेल्हाऱ्यात रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. जागा मिळाली नाही की पडद्याच्या मागं बसायचं. तिथून अक्षरं उलटी दिसत आणि मावळे झाडून सारे डावखुरे. भालजी पेंढारकरांचा 1952 सालचा 'छत्रपती शिवाजी' मी असाच पाहिला. आजीचं माहेर सिंदखेडराजाकडलं. जिजाऊ बोलायला लागल्या तशी ती मोठ्यानं म्हणाली, "हे त आमच्याइकडली लेक. मंग पुण्यावानी काऊन बोलते वं?" बाया हसल्या, पोरांनी गप्प केलं.

मला मात्र तेव्हापासून खोडच लागली. ऐतिहासिक सिनेमा लागला की कथा राहते बाजूला, कान बोलीकडे. दरबार पुस्तकी बोलतो, मावळे कोल्हापूरकडचं. वऱ्हाडी ना दरबारात, ना गडावर. कामाची माणसंही तशीच: पालखी उचलली, मशाल धरली की त्यांचं काम संपलं.

म्हणून पुढं अमरावतीला शिकताना 'संत तुकाराम' पाहिला, तेव्हा तुकारामापेक्षा आवलीच लक्षात राहिली. 1936 सालचा प्रभातचा चित्रपट, दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचा. गौरीनं केलेली आवली देवाशीसुद्धा भांडते, कारण चूल तिला पेटवायची असते. पोशाखी चित्रपटांत इतकी खरी बाई मी क्वचितच पाहिली. देहूची असो, मला ती आमच्या गल्लीतली वाटली.

आणि आवाज? तो सापडला अत्र्यांच्या 'महात्मा फुले'मध्ये. 1954 चा चित्रपट, बाबूराव पेंढारकर जोतिबा, सुलोचनाबाई सावित्रीबाई; मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब आंबेडकर. त्यात गाडगेबाबांचं कीर्तन आहे आणि करणारे स्वतः गाडगेबाबा. शेंडगावच्या परटाचा मुलगा. कोणी वेश चढवला नाही, कोणी संवाद घोटून घेतले नाहीत. पुढं 1977 साली 'देवकीनंदन गोपाळा'त डॉक्टर लागूंनी गाडगेबाबा जीव ओतून उभे केले, ते थोर कामच. पण एकदा अस्सल ऐकलं की कान हट्टी होतो.

खरं तर आमच्याच तालुक्यात एक अख्खा सिनेमा पडून आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या शिवारात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची इंग्रजांशी गाठ पडली. समोर आर्थर वेलस्ली. तोफा सुरू होताच त्याच्या तीन पलटणी बिचकून मागं पळाल्या. त्यानं स्वतः जाऊन त्या वळवल्या. भोसल्यांकडे अरब पायदळ, इंग्रजांकडे मद्रासचे शिपाई आणि म्हैसूरचे स्वार. उत्तरेला सातपुडा, तिथं कोरकू. पंधरवड्यात गाविलगडही गेला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनशी लढला आणि त्या लढाईवर 1970 साली हजारो रशियन सैनिक उभे करून सिनेमा निघाला. अडगाववर मात्र कोणी रीळ फिरवलं नाही.

अडगावच्या एका काकांपुढं विषय काढला. ते बांधावर तंबाखू मळत होते. म्हणाले, "हारल्याचा सिनेमा कोन काढते बापू? अन् काढलाच, त पुण्याचेच पोट्टे आनतीन."

मी तरी काढावाच म्हणतो. पोट्टे इथलेच घ्यावे, कोरकू बोलणारे मेळघाटातून. घोडे तेवढे बाहेरून आणावे लागतील.