मार्शलवर सर्फ

माझ्या मार्शल गिटार ॲम्पला दोन इनपुटं आहेत, ‘हाय’ आणि ‘लो’. ‘हाय’भोवतीचा सोनेरी पत्रा आधीच्या मालकांनी जॅक घालून-काढून पार खरवडून टाकलाय. ‘लो’ची कडा मात्र मी हे हेड (म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प) विकत घेतलं तेव्हा कोरी करकरीत होती. साहजिकच आहे. जेसीएम ८०० मालिकेतलं २२०३ हे हेड लोक ज्यासाठी घेतात ते सगळं ‘हाय’मध्ये असतं. स्लेयर बँडचा केरी किंग हेच मॉडेल वाजवायचा, एवढं सांगितलं की जाणकाराला पुढचं कळतं. मीही त्यासाठीच घेतलं. पुण्यात कॉलेजात असताना या हेडचे फोटो बघून दिवस काढले होते. कॅलिफोर्नियात नोकरी लागल्यावर पहिली चैन केली ती हीच.

आज त्याच हेडवर मी सर्फ वाजवतो. सर्फ म्हटलं की बीच बॉइज आठवतात, पण मी म्हणतोय ते त्यांच्या आधीचं आणि बिनगाण्याचं: नुसत्या गिटारीवरच्या धुना, १९६०च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शाळकरी पोरांच्या बँडांनी गाजवलेल्या. ‘पल्प फिक्शन’ चित्रपटाच्या सुरुवातीला जी गिटार अंगावर धावून येते ती डिक डेलची ‘मिसिर्लू’, १९६२ची. सर्फच्या आवाजात स्वर टोकदार आणि स्वच्छ असतो, आणि त्याच्या मागे रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगांतून काढलेला घुमारा, असा उडतो की खडकावर लाट फुटावी.

मी यात पडलो तो शेजारधर्म म्हणून. ऑफिसातल्या एकाचा हौशी सर्फ बँड होता. त्यांचा गिटारवाला गाव सोडून गेला आणि जाताना आपला फेंडर शोमन ॲम्पही घेऊन गेला. जुना, चालू स्थितीतला शोमन घ्यायचा तर माझं बजेट तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, माझ्याकडे मार्शल आहे. ड्रमवाला खो खो हसला. बासवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, जन्म याच ऑरेंज काउंटीतला. ते हसले नाहीत. म्हणाले, “आण तर खरं.”

ऑरेंज काउंटीत राहण्याचा एक फायदा असा की या आवाजाचा सगळा भूगोल अर्ध्या दिवसात गाडीने पालथा घालता येतो. फुलरटनला लिओ फेंडरचा कारखाना होता. तिथून दक्षिणेला, न्यूपोर्ट बीचच्या बाल्बोआ भागात, अगदी समुद्रकाठी रॉन्देव्हू बॉलरूम होती. तिथे १९६१मध्ये डिक डेल वाजवायला लागला आणि पोरांची झुंबड उडाली. १९६६मध्ये ती जळाली. आता त्या जागी घरं आहेत. डेल डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तारांचा क्रमही उलटाच ठेवायचा, आणि तारा इतक्या जाड लावायचा की आपली बोटं सोलून निघावीत. बाप लेबनॉनी वंशाचा, काका ऊद हे तंतुवाद्य वाजवणारे. पिकच्या खालीवर झपाट्याने एकच तार पेटवत ठेवायची त्याची रीत त्या घरातून आलेली. ‘मिसिर्लू’ मुळात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची धून. पुण्याला फोनवर आईला ऐकवली, तर ती पटकन म्हणाली, “अरे, हे भैरवाचे सूर आहेत!” बरोबर आहे: रे कोमल, ध कोमल, ग आणि नी शुद्ध. राग नाही, पण स्वर तेच.

डेल इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प आणि स्पीकर जळायचे. लिओ फेंडरने त्याच्यासाठी खटपट करून जो ॲम्प उभा केला तो शोमन, सोबत जेबीएलचा पंधरा इंची डी-१३० स्पीकर. मागणी साधी होती: आवाज प्रचंड हवा, पण फाटायला नको.

आता लंडनकडे या. हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. अमेरिकेहून आलेला फेंडर महाग पडायचा, म्हणून १९६२मध्ये त्याच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बेसमन’ ॲम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प बनवला. तो जेटीएम ४५. म्हणजे मार्शल हा मुळात फेंडरचाच वंश. पुढे १९६५च्या सुमाराला ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने डेलसारखीच मागणी केली, आवाज मोठा हवा, आणि १०० वॅटचा मार्शल जन्माला आला. फरक पडला तो यापुढे. कॅलिफोर्नियात फाटका आवाज म्हणजे बिघाड होता. इंग्लंडात तो लोकांना आवडला, आणि त्यानंतरचा प्रत्येक मार्शल अधिक लवकर, अधिक गोड फाटावा म्हणून घडत गेला. माझं काम होतं त्या घडणीला जरा मागे ढकलायचं.

पहिल्या तालमीत बासवाल्या गृहस्थांनी आधी ‘हाय’मध्येच वाजवायला लावलं, कारण कळावं म्हणून. ऐकण्यासारखा प्रकार होता. पिकचा प्रत्येक फटका वेगळा कळायला हवा, तर गेनमुळे, म्हणजे सिग्नल फुगवल्यामुळे, सगळे फटके एका उंचीला कापले जातात आणि दुहेरी पिकिंगचं नुसतं गुणगुणणं उरतं. रिव्हर्बची गत त्याहून वाईट. सर्फमध्ये रिव्हर्ब ॲम्पच्या आधी असतो. ॲम्पने विकृती आणली की रिव्हर्बची मावळती शेपटीही मूळ स्वराइतकी फुगते, आणि पुढचा स्वर त्या चिखलात पाय टाकतो.

‘लो’ची गोष्ट वेगळी. २२०३मध्ये ‘लो’ला लावलेला जॅक गेनचा पहिला टप्पाच टाळून पुढे जातो. एक ट्यूब-टप्पा कमी झाल्यावर हा ॲम्प एकदम शहाण्यासारखा वागतो. मग मी एरवीच्या सवयीच्या उलट केलं: मास्टर पूर्ण उघडा, प्रीॲम्प व्हॉल्यूम खाली, तिनाच्या आसपास. त्याने आवाजाचं काम पॉवर ट्यूबांवर येतं आणि आधीच्या टप्प्यांना तोंड वाकडं करायला सबब उरत नाही. पण या प्रीॲम्प व्हॉल्यूमच्या पॉटवर १००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर आहे. पॉट जितका खाली, तितका तीव्र भाग त्यातून अधिक निसटून पुढे जातो, आणि आवाज कानात टाचणीसारखा घुसतो. ट्रेबल आणि प्रेझेन्स निर्दयपणे खाली आणले. पुष्कळ जण तो कपॅसिटर कापून काढतात. मी ठेवला, तेवढी धार या वादनाला चालते, हवीच असते.

मिडलचा नॉब शून्यावर. तरीही मार्शलचा मध्य पूर्ण जात नाही. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये मध्याला खोल खड्डा असतो. मार्शलने त्यातल्या किमती बदलल्या आणि खड्डा बराच भरून काढला. हार्ड रॉकला तोच मध्य लागतो, ड्रम आणि बासच्या गर्दीतून गिटार वर येते ती त्यामुळे. सर्फला तो नको. नॉब फिरवून याच्या पुढे जाता येत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं.

एका बाबतीत नशिबाने साथ दिली. ॲम्पचं मागचं झाकण काढलं तर आत मार्शलच्या नेहमीच्या ईएल ३४ पॉवर ट्यूब नव्हत्या, ६५५० होत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत आलेल्या बऱ्याच मार्शलांत आयातदार ६५५० बसवून विकत. हार्ड रॉकवाले यावर नाकं मुरडतात: ट्यूब कडक आहे, गात नाही. सर्फवाल्याला नेमकी हीच कडक ट्यूब हवी. ६५५० उशिरापर्यंत स्वच्छ राहते आणि खालचा खर्ज ढिला पडू देत नाही. माझ्या हेडच्या विक्रेत्याने हा दोष म्हणून किंमत थोडी उतरवली होती. मी अजून त्याचे आभार मानतो.

खरी जान रिव्हर्बमध्ये आहे. २२०३मध्ये रिव्हर्ब नाही, इफेक्ट्स लूपही नाही, पण त्याने अडलं नाही, कारण सर्फचा रिव्हर्ब आत असायलाच नको. फेंडरने १९६१मध्ये काढलेलं वेगळं ट्यूब रिव्हर्ब युनिट गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये लावायचं असतं. मी त्याची नक्कल असलेलं वापरलेलं युनिट घेतलं. वर तीन नॉब: ड्वेल, मिक्सर, टोन. सगळा खेळ ड्वेलचा, म्हणजे स्प्रिंगांना किती जोरात झटका द्यायचा याचा. बाकीचे ॲम्प आतल्या स्प्रिंगांना बेताने हलवतात. हे युनिट त्यांना सणसणीत हाणतं. तळहात ब्रिजवर टेकवून, तार दाबून तोडून वाजवली की प्रत्येक फटक्याला जो ‘टपक्’ असा ओला आवाज निघतो तो इथून. पेडलवाले डिजिटल रिव्हर्ब मी ऐकले, काही फार चांगले आहेत, पण ड्वेल वाढवल्यावर स्प्रिंग जशी बिथरते तसं ते बिथरत नाहीत.

युनिट हेडवर ठेवायचं नाही, हेही सांगून ठेवतो. मार्शलचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मोठा. त्याचं चुंबकीय क्षेत्र स्प्रिंगच्या पिकअपमध्ये शिरतं आणि घूं घूं चालू होते. आमचं युनिट चार फूट दूर, एका स्टुलावर बसतं. कुणी स्टुलाला धक्का दिला तर अख्ख्या बारमध्ये वीज कोसळते.

एवढं झाल्यावरही काहीतरी बंद-बंद वाटत होतं. ते होतं कॅबिनेट. मार्शलचं चार बारा-इंचींचं कॅबिनेट मागून बंद असतं. त्यातले सेलेस्टिअन जी१२टी-७५ हार्ड रॉकच्या ताकदीच्या रिफला छातीवर दणका देतात, पण सर्फच्या खर्जाच्या तारेवर त्यांचा आवाज घट्ट मुठीत धरल्यासारखा येतो. एका वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात जेबीएल डी-१३० मिळाला, कोन बदललेला, बाकी ठणठणीत. चार इंची व्हॉइस कॉइल, मध्ये ॲल्युमिनियमची टोपी. लाकडी खोका बनवून घेतला, हेडच्या मागचा ओहमचा खटका स्पीकरच्या आकड्यावर आणला. पहिला खर्ज स्वर वाजवला आणि ड्रमवाल्याने काठी खाली ठेवली. ट्यूब, नॉब, इनपुट या सगळ्यांनी मिळून जेवढा फरक पाडला, त्याहून जास्त या एका स्पीकरने पाडला. फक्त १०० वॅटसमोर तो एकटा आहे, म्हणून मी प्रीॲम्प कधीच फार वर नेत नाही.

गिटार माझी स्ट्रॅटच. तारा ०.००९च्या होत्या, ०.०१२च्या घातल्या. त्यासाठी नटाच्या खाचा कानशीने रुंद केल्या, मागे ट्रेमोलोला तीनच्या जागी पाच स्प्रिंगा लावल्या, मान सरळ करून घेतली. जाड तारेला पिकने मारायला हाताचा जोर लागतो, आणि तोच जोर रिव्हर्बच्या स्प्रिंगपर्यंत पोचतो. बारीक तारेवर हे होत नाही, मग ॲम्प शोमन असो की मार्शल.

पहिल्या कार्यक्रमाला बारच्या ध्वनिव्यवस्थापकाने स्टेजवरचं हेड बघितलं आणि न विचारता कानात बोळे घातले. दुसऱ्या धुनेनंतर काढले. बासवाल्या गृहस्थांना नंतर विचारलं, शोमनसारखं वाटतं का? ते म्हणाले, “नाही. पण सर्फसारखं वाटतं.” माझंही मत तेच. शोमनच्या वरच्या स्वरांत जी काचेसारखी मोकळीक आहे ती मार्शलमध्ये येत नाही. त्या मध्यामुळे आमच्या आवाजाला थोडा गुरगुरता काठ राहतो. हळव्या, संथ धुनांत तो खुपतो. ‘मिसिर्लू’मध्ये तो मला आवडतो.

तुमच्याकडे मार्शल असेल आणि सर्फच्या नादाने तो विकायला काढला असेल, तर थांबा. आधी जॅक ‘लो’मध्ये घाला, मास्टर उघडा, मिडल शून्यावर न्या. पैसे पहिल्यांदा वेगळ्या स्प्रिंग रिव्हर्बवर घाला, उरले तर पंधरा इंची स्पीकरवर. ओहमचा खटका जुळवल्याशिवाय हेड चालू करू नका. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. १०० वॅट स्वच्छ असले तरी १०० वॅटच असतात.