काळी एकमधली जपानी गाणी

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०२३. निशी-कासाई, तोक्यो
संस्कृती दिनाची सुट्टी. ऑफिसची बोनेनकाई २२ डिसेंबरला ठरली. सरत्या वर्षाचं जेवण, आणि ते आटोपलं की निजिकाई, म्हणजे दुसरी बैठक, कराओकेच्या खोलीत. पुण्याहून आमच्या टीममध्ये नुकताच आलेला मुलगा काल तोझाई लाइनच्या गाडीत विचारत होता, "दादा, जपानी गाणं कुठलं घेऊ? सोपं सांगा. कांजी अजून धड वाचता येत नाहीत." वाचण्याची काळजी नको, हे तिथेच सांगितलं. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चिन्हांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं असतात आणि गायची वेळ येईल तसतसा अक्षरांचा रंग बदलत जातो. खरा प्रश्न गळ्याचा आहे.

सोमवार, ६ नोव्हेंबर
जपानी पॉपमधले पुरुष फार वर गातात. माझा सा काळी एक, त्या मुलाचाही जवळपास तोच. आमच्यासारखा हौशी गाणारा तार गंधारापर्यंत सुखाने जातो, मध्यमावर गळा ताणायला लागतो. आपल्या मैफलीत तार पंचम नीट लागला की टाळी पडते. इथे ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांचं लाडकं, हिगेदान बँडचं २०१९ चं 'प्रिटेंडर', त्या पंचमाच्याही वर जातं, तेही शब्दांसकट. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून, वर बिअर पिऊन, रात्री दहाला तिशीतल्या माणसाने ते घेणं म्हणजे गळ्यावर जुलूम.

सोपं गाणं मी असं धरतो: चाल आपल्या बोलण्याच्या पट्टीजवळ फिरली पाहिजे, श्वासाला जागा पाहिजे, आणि खोलीतल्या बाकीच्यांना निदान ध्रुवपद तरी पाठ पाहिजे. ही शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दहा माणसं तोंडात घोळवत असलेलं गाणं एकट्याच्या अंगावर पडत नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. तो फराळाला आला होता. चकल्या खाताखाता मोंगोल ८०० चं 'चिइसाना कोई नो उता' ऐकवलं. ओकिनावातल्या तीन पोरांचा हा बँड होता. २००१ चा त्यांचा 'मेसेज' हा अल्बम एकाही बड्या रेकॉर्ड कंपनीच्या पाठबळाशिवाय ऑरिकॉनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेला. आज पस्तिशीत असलेले आमचे सहकारी तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. शाळेच्या बुंकासाईत, म्हणजे स्नेहसंमेलनात, पहिल्यांदा गिटार गळ्यात अडकवलेल्या कितीतरी पोरांनी हेच गाणं वाजवलं. कडवं जवळजवळ बोलल्यासारखं, खालच्या सुरात. ध्रुवपदात मोकळा आवाज लावायचा, आणि तिथे सगळी खोली येऊन मिळते. लय द्रुत आहे, पण शब्द रोजच्या वापरातले. त्याने तिसऱ्यांदा ऐकताना मांडीवर ठेका धरला. हेच घ्यायचं ठरलं.

शनिवार, १८ नोव्हेंबर
सकाळी आम्ही दोघं कराओकेच्या खोलीत. सकाळचे दर कमी असतात. त्याला डेनमोकुवरचं, म्हणजे गाणं निवडायच्या पाटीवरचं, पट्टीचं बटण दाखवलं: एकदा दाबलं की गाणं अर्धा स्वर खाली. तो कचरला. "पट्टी उतरवली तर लोक काय म्हणतील?"

मला ह्यावर मनापासून बोलायचं होतं. कोबेमधल्या क्लबांत साथ करणारे वादक इनोउए दाइसुके ह्यांना एका गिऱ्हाइकाने गळ घातली होती की, मी सहलीला जातोय, तुम्ही सोबत येत नसाल तर माझ्या गाण्याची साथ टेपवर भरून द्या. त्या माणसाला सांभाळून घेणारी साथ त्यांनी भरून दिली, आणि १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारी, आठ ट्रॅकच्या टेपची ११ कराओके यंत्रं तयार करून भाड्याने दिली. पेटंट घेतलंच नाही. तोक्योत नेगिशी शिगेइची ह्यांनी १९६७ मध्येच असं एक यंत्र केलं होतं, हेही खरं. पण कोबेची गोष्ट मला जास्त जवळची आहे, कारण तिथे साथ गाणाऱ्याकडे चालत आली. पेटीवाला गायकाची पट्टी विचारूनच सूर धरतो ना? मग यंत्राला आपली पट्टी सांगायला लाजायचं कशाला?

त्याने पट्टी दोन घरं उतरवली आणि गाणं सुटलं. मग गुणांचा तक्ता लावून पाहिला. सूर खालून उचलून घेण्याला इथे शाकुरी म्हणतात आणि यंत्र ती मोजतं. लहानपणापासून भावगीतं ऐकलेल्या गळ्यातून ती न शिकवता येते. त्याचा आकडा पाहून तो हरखला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर
सुट्टी. आज स्वतःसाठी फुजीफॅब्रिकचं 'वाकामोनो नो सुबेते' घेऊन बसलो. २००७ चं गाणं. उन्हाळा सरत आल्याची संध्याकाळ, आतषबाजी, कुणीतरी भेटेल अशी अंधूक आस. शिमुरा मासाहिको ह्यांनी ते लिहिलं, चाल बांधली आणि गायलं. २००९ च्या डिसेंबरात, २९ व्या वर्षी ते गेले. फुजी डोंगराच्या पायथ्याचं फुजियोशिदा हे त्यांचं गाव. तिथे जुलैत, त्यांच्या वाढदिवसाच्या सुमारास, संध्याकाळच्या भोंग्यावर ह्याच गाण्याची धून वाजवतात.

गळ्याच्या दृष्टीने ह्यात अवघड जागा कमी आहेत. पियानोचे ठोके संथ पडत राहतात आणि चाल त्यांच्या कडेकडेने चालते. शिमुरांनी कुठे आवाज मोठा करून दाखवला नाही, म्हणून आपणही करू नये. आवाज चढवला की गाणं हातचं जातं. शब्द नुसते सांगत गेलं की खोलीतले तिशी-चाळिशीतले लोक ग्लास खाली ठेवून ऐकतात. तरुणपण संपत आल्याची जाणीव त्या वयाच्या पुरुषाला समोरासमोर बोलून दाखवता येत नाही. ह्या गाण्यातून ती बोलता येते, तेही उसन्या शब्दांत, कुणाचीही नजर न चुकवता. मला जपानीत ह्याहून प्रिय गाणं नाही.

शुक्रवार, १ डिसेंबर
पट्टी खाली म्हणजे गाणं सोपं, असंही नाही. फुकुयामा मासाहारू ह्यांचं २०००चं 'साकुराझाका' घेऊन पाहिलं. तोक्योच्या ओता वॉर्डात नुमाबे स्टेशनाजवळची खरीखुरी चढण आहे ती, चेरीची झाडं असलेली. फुकुयामांचा आवाज खर्जाचा. कडव्यातले स्वर आपल्या गळ्यात मावतात, पण खोलीच्या गलक्यात बुडून जातात. ह्याला पट्टी एक-दोन घरं चढवावी. स्पिट्झचं 'चेरी' (१९९६) ह्याच्या उलट: कुसानो मासामुनेंचा आवाज हलका आणि उंच, तेव्हा तीन-चार घरं बेधडक उतरवावी. पाठ मात्र ते सगळ्यांना असतं.

रविवार, १० डिसेंबर
आमचे काचो, म्हणजे विभागाचे साहेब, साठीला टेकलेत. त्यांच्यासाठीही एक गाणं हवं. साकामोतो क्यू ह्यांचं १९६१ चं 'उए ओ मुइते आरुको'; १९६३ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर होतं. पेटीवर वाजवून पाहिलं, तर बरीचशी चाल भूपात बसते, मध्यम आणि निषाद वगळून. मराठी कानाला ते चटकन लागतं ते ह्यामुळेच. त्या मुलाला सांगितलं, भूप गुणगुणत ये.

शनिवार, २३ डिसेंबर
काल सगळं झालं. त्याने मोंगोल ८०० दोन घरं खाली घेतलं. पहिल्या ओळीला सगळे गप्प, ध्रुवपदाला शेजारच्या टेबलावरचा एरवी मान वर न करणारा सहकारी खंजिरी घेऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही. शाळेच्या बँडमध्ये हेच वाजवायचो, असं तो नंतर त्या मुलाला सांगत होता. ऑफिसात दोघांचं आजवर इतकं बोलणं झालं नव्हतं. 'उए ओ मुइते आरुको' लागल्यावर काचोंनी माइक स्वतःच मागून घेतला. शेवटी स्माप, 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना'. माकिहारा नोरियुकींनी लिहिलेलं हे गाणं पाच जणांच्या गटाने एकत्र गायलेलं, त्यामुळे सगळ्यांनी मिळून गायला त्यासारखं दुसरं नाही.

जानेवारीत शिनेनकाई आहे, नव्या वर्षाची. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "दादा, तेव्हा मी फुजीफॅब्रिक घेऊ?" घे म्हटलं. एक घर खाली घे, आणि पहिल्या कडव्यात घाई करू नकोस.