चाकणचं लाकूड, पौडचं खोपटं

वीकेण्डला लोक लोणावळ्याला जातात, पानशेतला जातात, अगदीच काही सुचलं नाही तर सिंहगडावर पिठलं-भाकरी हाणून येतात. चाकणला कोणी जात नाही. चाकणला जायचं ते शिफ्टला! पण यंदा एप्रिलमधले लागोपाठ तीन शनिवार आम्ही पुणे-नाशिक रस्त्यावर घालवले. कशासाठी? तर लाकडं बघायला.

निमित्त होतं पौडजवळच्या अकरा गुंठ्यांचं. जमीन आत्याच्या सासरची, वडिलोपार्जित. बँकेतून रिटायर झाल्यापासून आत्या तिथे वांगी, मिरच्या, लिंबं असं काय काय लावत असते. पण फावडी, कुदळी, खताची पोती ठेवायला जागाच नाही. गेल्या पावसाळ्यात तर पाण्याची मोटरच चोरीला गेली. रेडीमेड शेडचं कोटेशन आलं, ते बघून आत्या म्हणाली, “एवढ्यात तर नवी स्कूटर येईल.” आणि मग काका बोलले. ही खरी बातमी. कारण भोसरीच्या एका कंपनीत ३१ वर्षं डिस्पॅचला काढून व्हीआरएस घेतल्यापासून काकांचं बोलणं रिमोट मागण्यापुरतंच उरलं होतं.

“पॅलेटची करू,” ते म्हणाले. “पावसाच्या आत.”

पॅलेट तुम्ही पाहिलेलं असतंच, नाव माहीत नसलं तरी. मॉलच्या मागच्या दाराशी माल ज्यावर रचलेला असतो ती लाकडी चौकट. खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे दात घालायचे आणि अख्खा ढीग उचलायचा. चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य कंपन्या. परदेशातून पार्ट येतात ते पॅलेटवर बसून. पार्ट लाइनवर जातात, पॅलेट भंगारात. जर्मनीतलं पाइन असं शेवटी मोशी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या पत्र्याच्या कुंपणामागे येऊन पडतं.

पूर्वी ही खरेदी करायची तर चिखलीचं कुदळवाडी गाठायचं. प्लास्टिक, रबर, पत्रा, पुठ्ठा, लाकूड... जे कारखान्याला नको ते सगळं तिथे मिळायचं. आगीही लागायच्या, धुराने आसपासच्या सोसायट्या वैतागायच्या. २०२५च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली. धूर कमी झाला असेल तर चांगलंच आहे. पण ज्या धंद्यावर अख्ख्या औद्योगिक पट्ट्याचा कचरा जिरत होता, तो धंदा जेसीबीने संपत नाही. तो चार मैल पुढे सरकतो, इतकंच.

आमचे चाचा असेच सरकलेले. कुदळवाडीत वीस वर्षं, आता चाकण रस्त्याच्या आत भाड्याच्या उघड्या प्लॉटवर. “शेड गेलं, मशीन गेलं, पोरं गावाला गेली,” एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला. “बोलो, कितने नग?” आम्ही बागेसाठी शेड बांधतोय म्हटल्यावर मात्र ते हसले. “मेरा शेड गया, आप का बन रहा है. चलो, अच्छा है.” यावर काय बोलायचं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

आता कामाचं. ढिगातून पॅलेट निवडायचं कसं? काका एकेक पॅलेट उभं करून त्याच्या ठोकळ्यावरचा शिक्का पत्रिका वाचावी तसा वाचत होते. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि आयपीपीसी ही अक्षरं असली, तर समजायचं की लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून त्यावर नियमाप्रमाणे प्रक्रिया झालीय. हा नियम २००२पासूनचा. पुढे देशाची दोन अक्षरं: डीई म्हणजे जर्मनी, केआर म्हणजे कोरिया, आयएन म्हणजे आपण. त्यापुढे सगळ्यात महत्त्वाचं. एचटी लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय. बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय. युरोपने त्याचा वापर २०१०मध्ये बंद केला. ते घ्यायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे-केमिकलचे डाग असतील, तर तेही सोडून द्यायचं. बागेतली वांगी शेवटी आपल्याच पोटात जाणार असतात!

मला वाटत होतं सगळी पॅलेट सारखीच. छे! युरोपचं प्रमाण पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटर, वजन साधारण २५ किलो, आणि त्यात मोजून ७८ खिळे. दीड टन भार सहज पेलतं. हे काकांना तोंडपाठ होतं. पण आमच्या हिशोबात १२०० बाय १०००ची पॅलेट बसत होती. चार जमिनीला, चौदा भिंतींना, आठ फोडून फळ्यांना. एकूण २६. दर ठरला नगाला अडीचशे. आत्याने दोनशेपासून सुरुवात केली होती, पण चाचांच्या त्या वाक्यानंतर तिने घासाघीस सोडून दिली. सगळा माल एका छोट्या हत्तीत दोन थप्प्या लावून बसला. वाकड, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट असं करत संध्याकाळी पौड.

पॅलेट फोडणं हा या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. खिळे पिळाचे असतात, जंबुराने ओढले तर फळी चिरते पण खिळा हलत नाही. काकांची युक्ती अशी की खिळा उपटायचाच नाही. पहारीने फट किंचित मोकळी करायची, आत हॅक्सॉ ब्लेड घालायचं आणि खिळा मधोमध कापायचा. डोकं फळीतच राहतं, दिसायलाही झकास. पहिल्या दिवशी आमच्या सात फळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी चाळीस, आणि काकांनी दुपारची झोप घेतली नाही. आत्याने मला कोपराने ढोसून हे दाखवलं.

मुळशीत बांधायचं तर शत्रू दोनच. पाऊस आणि वाळवी. दोन्ही खालून येतात. म्हणून लाकूड मातीला टेकवायचंच नाही. नऊ ठिकाणी सिमेंटचे ब्लॉक, पाण्याच्या नळीने लेव्हल, त्यावर जमिनीची चार पॅलेट. खालून वारा खेळला पाहिजे. भिंतींना बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल लावलं. कोकणात होड्यांना लावतात तेच. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण हातमोजे हवेतच, कातडीवर उडालं तर फोड येतात. काही जण गाडीचं जुनं इंजिन ऑइल फासतात. फुकट असतं हे खरं, पण पावसात ते धुपून जमिनीत उतरतं, म्हणून आमच्याकडे नको होतं.

छपराला मात्र पॅलेट वापरू नका, प्लीज. त्याच्या फळ्या आखूड असतात, मुळशीच्या वाऱ्या-पावसात असं जोडकाम टिकत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आम्ही सलग लांबीचे वासे आणले, वर पन्हळी पत्रे. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा जुन्या बाजारातून. तिथे आत्याचा जीव एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानी दारावर जडला होता. त्या दाराची किंमत आमच्या आख्ख्या शेडपेक्षा जास्त निघाली. नमस्कार करून परत आलो.

दार कुठे असावं यावर मोठी चर्चा झाली. काकांना ते रस्त्याकडे हवं होतं, सामान काढायला सोपं. शेजारच्या शेतातले आजोबा बांधावर बसून हे ऐकत होते. “पाऊस तिकडून येतो,” त्यांनी नैऋत्येकडे काठी केली. “दार तिकडं केलंत तर खतासकट सगळं भिजंल. आन् वळचण दोन इतांनी वाढवा.” दार पूर्वेला फिरलं. वळचण वाढली. आजोबांच्या लहानपणी इथे कारवीच्या काठ्यांचे कूड असत, शेणामातीने लिंपलेले. आमच्या फटी बघून त्यांनी विचारलं, “लिंपणार न्हाई?” नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ होकार की कीव, हे अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये मुळशीत पाऊस लागला तो चार दिवस हटला नाही. पाचव्या दिवशी काका सकाळी एकटेच बसने पौडला गेले. आत्याला फोन आला तो दुपारी. पश्चिमेच्या भिंतीत वरच्या दोन फटींतून शिंतोडे आलेत, तिथे आतून पट्टी मारली. जमीन कोरडी. युरियाचं पोतं कोरडं. “मी जरा बसलोय इथंच,” ते म्हणाले. मागे पत्र्यावर पावसाचा धडधडाट ऐकू येत होता, टीव्हीचा नाही.

आता आजोबांना सहा पॅलेट हवी आहेत. शेड नको, शेळ्यांना उभं राहायला फटींची जमीन हवीय. लेंड्या खाली पडतात, शेळीचे खूर कोरडे राहतात. चाचांशी बोलणं झालंय. एचटीच द्या, असं काकांनी फोनवर दोनदा बजावलं.