ओल्या डिंकाचा वास

पाकिटाच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं आणि वॉर्सातल्या बंद खिडक्यांच्या खोलीत बाभळीचा वास आला. नोव्हेंबरात इथे दुपारी चारलाच दिवस मावळतो, पानं गळलेली झाडं काळी होऊन उभी राहतात, आणि या पाकिटाच्या डिंकाचं बाभळीशी दूरचंही नातं नसेल. पण वास आला. किंचित गोड, किंचित आंबूस, उन्हात तापलेल्या खोडाचा.

आज्जाची डिंकाची बाटली मुळात शाईची होती. किल्लारीच्या शिवारात बांधावरच्या बाभळींना पाझर फुटला की तो तांबूस खडे खुडून आणायचा, रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, आणि टोकाला चिंधी गुंडाळलेली काडी बुडवून पाकिटाची कड सावकाश माखायचा. चुलते लष्करात होते. त्यांच्या पत्त्यात ना गाव, ना तालुका, नुसतं ‘मार्फत ५६ एपीओ’. त्या एवढ्याशा आकड्यावर सगळा भरवसा टाकून आज्जा पाकिटावर तळहात दाबून बसायचा. डिंक वाळेपर्यंत उठायचा नाही. मीही त्याच्या शेजारी, वास घेत, हलायची नाही.

आज माझ्यासमोर दोन पाकिटं आहेत. नवरा भारतीय दूतावासात नोकरीला, मी त्याच्यासोबत राहते, म्हणून मीही सेवा मतदार. २०२४च्या विधानसभा निवडणुकीची मतपत्रिका संगणकावर आली, कागदावर छापून घेतली. किल्लारी ज्या मतदारसंघात येते त्या औशाच्या उमेदवारांची नावं इतक्या दूर, मराठीत, एकाखाली एक वाचताना उगाच घसा दाटून आला. खूण केली. मतपत्रिका आतल्या पाकिटात घातली. ते पाकीट आणि अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित केलेलं घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात. इथल्या खासगी नोकरीतल्या मराठी मैत्रिणींना ही सोय नाही. २०११पासून त्यांचंही नाव यादीत लागू शकतं, पण मत द्यायचं तर गावच्या केंद्रावर स्वतःच जाऊन उभं राहावं लागतं. त्या माझ्या पाकिटाकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेचंही ओझं या कागदावर आहे.

आणि दिवस मोजके. ४ नोव्हेंबरला उमेदवारी माघारीची मुदत संपली, मगच मतपत्रिका निघाली, आणि २३ला मोजणी. सकाळी आठच्या आत पाकीट औशाला पोचलं तर पोचलं. त्यानंतर आलेलं पाकीट फोडत नाहीत. तशी सगळी एकत्र बांधून, मोहोर लावून ठेवून देतात.

फोडत नाहीत. हे शब्द वाचले आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

१९९३च्या अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव उशिरा निजलं होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला आणि दगडमातीच्या रुंद भिंती माणसांवर आल्या. आज्जा गेला. बाटलीही त्याच ढिगाऱ्यात गेली. चुलते धावत आले, आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असताना, त्यांनीच गणपतीच्या आधी टाकलेलं पत्र त्यांच्या मागून आलं. पोस्टमननं नाव वाचलं. आज्जाचं. चुलत्यांनी हात पुढे केला नाही. आज्जीनं पाकीट घेतलं, पदरानं पुसलं, आणि म्हणाली, “ज्याच्या नावचं हाय, त्यानंच फोडावं, माय.” ते पाकीट तिच्या ट्रंकेत तळाशी राहिलं. ती होती तोवर कुणी हात लावला नाही.

काय लिहिलं असेल त्यात? तब्येत, पाऊस, पैसे पाठवतो. एवढंच असेल. पण ऐकणारा होता तोवर ते पोचलं नाही.

म्हणून ४ तारखेनंतर मी एक दिवसही जाऊ दिला नाही. पाकिटावर तळहात ठेवला, आज्जासारखा, डिंक पुरता वाळेपर्यंत. तेव्हा जाणवलं, मी मत कुणाला दिलं याहून मला जास्त आस होती ती एवढीच, की हे पाकीट कुणीतरी फोडावं. नव्या किल्लारीच्या यादीत माझं नाव आहे, त्या नावाचा कागद वेळेत हाती पडावा.

मोजणीच्या आदल्या रात्री झोप लागलीच नाही. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन. टपाली मतं आधी मोजतात. चहाचं आधण ठेवलं. बाहेर गाढ काळोख, काचेवर दव. घड्याळात ३ वाजून ५६ मिनिटं झाली. या वेळेला जाग यायची सवय आम्हा किल्लारीकरांना जुनीच. पण आयुष्यात पहिल्यांदा त्या मिनिटाला मी भिंतीकडे पाहिलं नाही. कान औशाकडे लावले, कागद फाटल्याचा आवाज ऐकू येईल तसे.

बोटांना अजून तो वास होता.