पॉलिश पेपर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अण्णा चौथीतून शाळा सोडून क्लिनर म्हणून गाडीवर चढले, पुढे ड्रायव्हर झाले आणि काही वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी एक जुना ट्रक घेतला. आमच्या कराड भागात उसाचा हंगाम हीच त्या गाडीची खरी कमाई. माझी फी, खोलीचे भाडे आणि बँकेचा हप्ता, सारे त्या उसाच्या मोळ्यांतूनच निघते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा गाडीचे इंजिन खाली उतरवलेले होते. नव्या रिंगा, नवी बेअरिंगे घालून मिस्त्रींनी ते पुन्हा चढवले. त्यांचा पोऱ्या सणाला गावी गेलेला, म्हणून किरकोळ कामे माझ्या वाट्याला आली. चेसीला काळा रंग मीच दिला. "एवढी अर्थची पट्टी बसव," म्हणत मिस्त्रींनी माझ्या हातात एक बोल्ट आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला.

कारखान्याचा भोंगा वाजायला तीन दिवस उरले आणि गाडी चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन आळस दिल्यासारखे जरासे हले आणि मग नुसते 'टक्'! डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली असेल म्हणून मिस्त्रींनी हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. फरक पडला नाही. "नव्या रिंगा हायत, इंजिन घट्ट असतंय. सुटंल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सुटले नाही. तेव्हा चार माणसांदेखत मी त्यांना म्हणालो, "काम येत नव्हतं तर इंजिन खोललंत कशाला?" बी. ए.ला असल्याचा तोरा माझ्या आवाजात होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. हात पुसून, पाने पिशवीत टाकून निघून गेले.

"मिस्त्री तसा मानूस न्हाई," अण्णा रात्री एवढेच म्हणाले.

पहाटे त्यांनी गाडी गल्लीच्या उतारावर सोडली आणि गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. इंजिन लगेच धडधडू लागले. "म्हंजी डिझेल येतंय, टायमिंग बराबर हाय. दुखणं इंजिनात न्हाई, त्याला फिरवणाऱ्यात हाय." मग शेजारच्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या आणून लावल्या, तेच 'टक्'. सेल्फ खाली काढून थेट बॅटरीवर लावला. तो गरगर फिरला. तो पुन्हा चढवल्यावर अण्णांनी दिवे लावून मला समोर उभे केले. "सेल्फ मारल्यावर दिवा मंदावतोय का बग." फारसा मंदावला नाही. "बॅटरी उतरली असती तर मंदावला असता. करंट वाटंत अडतोय." ते एकेका तारेवर हात फिरवीत गेले. अॅक्सिलरेटरची केबल चटका बसावा इतकी तापलेली निघाली.

त्यांनी मला समजावले ते असे : सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो आणि तो इंजिनच्या अंगातून चेसीवर परतावा लागतो. इंजिन बसलेले असते रबरावर, म्हणून मध्ये ती जाड पट्टी. पट्टी धरत नसली की करंट सापडेल त्या वाटेने, अगदी बारीक केबलमधूनही परततो. अण्णांनी एक जाड तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला जोडली. सेल्फ मारताच गाडी चालू!

"पट्टी कुनी बसवली?"

पट्टी मी बसवली होती. खोलली तर खाली माझाच चकचकीत काळा रंग होता. त्या दिवशीच्या पँटच्या खिशात पॉलिश पेपर तसाच, न वापरलेला सापडला. तो कशासाठी, हे विचारण्याचाही मला कमीपणा वाटला होता.

प्रथम वर्षाला तर्कशास्त्रात मी जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती शिकलो. मिलचा तो ग्रंथ १८४३ सालचा. बाकी सारे तेच ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. त्या उत्तराला मला चांगले गुण मिळाले होते. अण्णांनी मिलचे नावही ऐकलेले नाही. पण त्या पहाटे त्यांनी बॅटरी, सेल्फ, तार असे एकेक बदलून पाहिले. मी मात्र काहीच न तपासता थेट माणसावर निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो.

पट्टीखालचा रंग घासून लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला आणि संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो. "काका, चूक माझी होती."

"घासून बसीव, ह्ये मी बी सांगाय पायजे हुतं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

चहा पिताना जाणवले, की अपमान चारचौघांत केला आणि माफी एकांतात मागतो आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी ती चार माणसे जमल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणालो. ते पहिल्यापेक्षा जड गेले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आमची गाडी उसाच्या फडात उभी होती.