थांबलेल्या हृदयाची साक्ष

धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझं हृदय थांबलं आणि शॉक देऊन पुन्हा सुरू झालं, हे मला मागाहून कळलं. मला आठवत होतं ते महालातल्या जुन्या वाड्याचं अंगण. तिथे आजी बसलेली. उजेड भरपूर, पण नागपूरच्या मे महिन्यासारखा डोळ्यांत खुपणारा नव्हे. परत यायची घाई मला नव्हती, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

शेजारच्या खाटेवरचे काटोलचे काका खूश झाले. मी श्याम मानवांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा जुना कार्यकर्ता हे त्यांना ठाऊक होतं. "मंग आत्मा हाये, हे तं पटलं नं आता?"

घरी आल्यावर वाचत बसलो. पिम व्हान लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञाने २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं: हृदय थांबून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांना असं काही आठवत होतं. केवळ प्राणवायू कमी पडल्याने हे घडत असेल, तर सगळ्यांनाच का नाही, हा त्याचा सवाल चोख आहे. कुणी खरंच शरीराबाहेर तरंगतं का हे तपासायला सॅम पार निया यांच्या चमूने तर छतावरूनच दिसतील अशी चित्रं रुग्णालयांतल्या फळ्यांवर ठेवली. २०१४ च्या अहवालानुसार ती कुणीच पाहिली नव्हती. ज्या दोघांना त्या वेळचं पाहिलेलं-ऐकलेलं आठवत होतं, त्यांच्याजवळ फळीच बसवलेली नव्हती! नशीब.

मला जास्त बोलकी वाटली ती सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये मांडलेली भारतातली १६ प्रकरणं. पाश्चात्त्य अनुभवांत दिसणारा बोगदा इथे नाही. यमदूत येतात, वही उघडली जाते, भलताच माणूस आणल्याचं उघड होतं आणि त्याला परत धाडतात. परलोकातही प्रांतागणिक कारभार वेगळा असेल, तर तो कारभार आपल्याच डोक्यातला असावा, असं माझं मत.

शिवाय माझं हृदय कधी थांबलं याची वेळ कागदावर आहे; अंगण कधी दिसलं याची नाही. ते शुद्ध हरपताना दिसलं की परतताना, कोण सांगणार? ते मेंदूबाहेर घडलं म्हणायला हा दुवा हवाच. मेंदूतल्या लहरींतून आजीचा जिव्हाळा कसा उमटतो, हे मात्र मला कोणत्याच लेखात सापडलं नाही. तिथे माझीही बाजू लंगडी आहे.

तपासणीला गेलो तेव्हा काका पुन्हा भेटले. म्हटलं, आजीने मला ठाऊक नसलेलं काहीच सांगितलं नाही.

"आजी का परीक्षा द्याले आली होती काय जी?"

हसलो, तर छाती दाबताना दुखावलेल्या बरगड्या ठणकल्या.